आत कसं असतंय?

भावाची पोरगी त्या आठवड्यात नुसती किरकिर करत होती. दूध घेईना, दुपारची झोपेना, कडेवर घेतलं तरी रडणं थांबेना. डॉक्टर म्हणाले दात येतायत, होईल कमी, पण अम्मीचं समाधान होईना, म्हणाली मगरिबला, दिवस मावळल्यावरच्या नमाजला, मशिदीच्या दारात घेऊन जा आणि दम करून आण. मी गेले. सांगलीत आमच्या भागात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, मगरिबची नमाज सुटायच्या जरा आधीपासून बाया लेकरं घेऊन पायऱ्यांच्या कडेला उभ्या राहतात, कुणाच्या हातात झाकण काढून धरलेली पाण्याची बाटली, कुणाच्या खांद्यावर तापानं मलूल झालेलं पोर, आणि नमाजी चपला शोधत बाहेर पडतात तसे ओठातल्या ओठात पढत लेकराच्या तोंडावर, बाटलीत फुंकर घालून पुढं जातात. अत्तराचा वास येतो, कुणाच्या तोंडाला पानाचा, कुणाची दाढी वुजूच्या, नमाजआधी हात-तोंड धुवायच्या, पाण्यानं अजून ओली. उभ्या असलेल्यांतल्या निम्म्या बाया हिंदू असतात आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही, मला आठवतंय तेव्हापासून असंच आहे. त्या दिवशी माझ्या शेजारी एक तरणी बाई होती, डोक्यावर पदर, पोरगं खांद्यावर झोपलेलं. दार उघडंच होतं, आतल्या पंख्यांच्या रांगा दिसत होत्या, गालिचा, माणसांच्या पाठी, सगळ्या एकदम खाली जाणाऱ्या. ती बराच वेळ वाकून बघत होती आणि मग हळूच मला म्हणाली, "ताई, आत कसं असतंय हो?"

मी म्हटलं, "मोठा हॉल असतोय बघा. बाकी काय नाही." तिनं मान हलवली. तेवढ्यात नमाज सुटली आणि आम्ही दोघी लेकरं पुढं करून उभ्या राहिलो.

पोरगी त्या रात्री शांत झोपली, माझ्या डोक्यातनं मात्र तो प्रश्न जाईना. त्या बाईनं मलाच विचारलं कारण माझ्या डोक्याला स्कार्फ होता, तिला वाटलं असणार ही आतली, हिला माहीत असेल.

आणि मी तर तिच्याच शेजारी, तिच्याच पायरीवर उभी होते.

आतलं मला अजिबात माहीत नाही असंही नाही. लहानपणी आम्ही सगळी पोरं-पोरी असरनंतर, दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर, अरबी पढायला मशिदीतच जायचो. शाळेतनं यायचं, दप्तर टाकायचं, चहा-बटर खायचं आणि ओढणी सारखी करत पळायचं. कडेच्या पडवीत चटया अंथरलेल्या असायच्या, पुढ्यात लाकडी रेहाल, त्यावर अरबी अक्षरं शिकायचा नूरानी कायदा, अख्खं कुराण पाठ असलेले हाफिजसाब एकेकाचा सबक ऐकायचे आणि बाकीचे आम्ही डोलत डोलत मोठ्यानं ओरडायचो, जितका आवाज मोठा तितका सबक पक्का अशी आमची समजूत. शहाबादी फरशी पावसाळ्यात इतकी गार पडायची की मी पाय पोटाशी घेऊन बसायचे. हौदात मासे होते, वुजू करताना हात पाण्यात धरला की बोटांपाशी यायचे, कोपरापर्यंत पाणी घेताना फ्रॉकची बाही भिजायची आणि ती ओली बाही घेऊन मगरिबपर्यंत बसायचं. आतल्या भिंतीवर, इमाम उभं राहून बोलतात त्या पायऱ्यांच्या, मिंबरच्या बाजूला, एका फळीवर छोटी छोटी घड्याळं होती, पाच नमाजांची पाच आणि एक जुम्म्याचं, शुक्रवारचं, त्यांचे काटे कधी हलायचे नाहीत. मला ती सगळी बंद पडलेली वाटायची. मग एकदा बघितलं, अजान देणारे बांगीसाब स्टुलावर चढून मगरिबच्या घड्याळाचा काटा बोटानं जरासा मागं सरकवत होते, दिवस लहान व्हायला लागले होते. जमात, म्हणजे सगळ्यांची एकत्र नमाज, किती वाजता उभी राहणार ते दाखवणारी ती घड्याळं. वर्षभर कुणीतरी सूर्य बघून स्टुलावर चढतंय आणि हातानं काटे फिरवतंय, हे मला तेव्हा फार भारी वाटलं होतं, अजूनही वाटतं.

मग कधीतरी ते बंद झालं. येऊ नको असं कुणी म्हणालं नाही. दहाएक वर्षांच्या झालेल्या पोरींना गल्लीतल्या एका आपांच्या घरी पाठवायची रीत, तशी मी गेले, कुराण तिथंच पुरं केलं, घरोघर मिठाई वाटली. भाऊ मशिदीतच पढत राहिला. तो आजही त्याच दारानं आत जातो, बोलत बोलत, चपला कुठं काढतोय ते बघतसुद्धा नाही.

म्हणून मशीद आमच्या आयुष्यातनं गेली म्हणाल तर तसंही झालं नाही, उलट घराच्या आत मशिदीचं काम कायम चालूच असायचं. आमचे पेशइमाम, नमाज पढवणारे मौलाना, बिहारच्या अररियाकडचे होते. त्यांचा डबा गल्लीतल्या घरांनी बारीनं द्यायचा, आमची बारी आली की अम्मी आदल्या रात्रीपासून विचारात. पहिल्या बारीला तिनं अख्खा मसूर, जोंधळ्याच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, मौलाना नवीन आलेत, आपल्याकडचं चांगलं खाऊ देत म्हणून. डबा परत आला तर भाकरी जशाच्या तशा आणि चटणीचा कप्पा न शिवलेला. अम्मीनं काही न बोलता पुढच्या बारीला भात वाढवला, तिखट निम्मं केलं. मग डबा रिकामा यायला लागला, धुऊन, पुसून, आणि रमजानमध्ये वरच्या कप्प्यात दोन-चार खजूर ठेवलेले. वर्ष-दीड वर्षानं त्यांनी भावाजवळ निरोप पाठवला, अम्मीजानला सांग, भाकरी भेजो. अम्मी तो दिवसभर खुशीत होती. तिनं त्या माणसाला समोरासमोर कधी बघितलं नाही. पण त्याला कुठली भाजी सोसत नाही, तो आजारी कधी असतो (तेव्हा डबा अर्धा यायचा), त्याच्या गावाकडं काही बरंवाईट झालं का, हे सगळं तिला अब्बाच्या आधी कळायचं. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा जुम्म्याच्या नमाजनंतर त्यांनी तिच्यासाठी दुआ मागितली, तीही तिला भावाकडनंच कळली. ते नोकरी सोडून गावी निघाले तेव्हा अम्मीनं मार्केट यार्डातनं आणलेली हळद आणि बेदाणा बांधून दिला, त्यांच्या घरच्या बाईसाठी चिठ्ठी घालून, हळद किती घालायची ते लिहून.

असं कितीतरी. मशीद चालते ती रस्त्याकडच्या गाळ्यांच्या भाड्यावर, जुम्म्याच्या झोळीवर आणि घरोघरच्या चंद्यावर, आणि चंद्याची पावती अब्बाच्या नावाची असली तरी पैसे तांदळाच्या डब्यातनं निघतात. मागं स्लॅब पडला तेव्हा अम्मीनं स्वतःची अंगठी दिली होती. रमजानमध्ये असरनंतर गल्लीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात मशिदीच्या इफ्तारीचं ताट वेगळं काढलेलं असतं, भजी, कापलेलं कलिंगड, चणे, वर विणलेला रुमाल, आणि पोरं ती ताटं दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून चालत जातात. जकातीचा हिशोब बायकांच्या अंगावरच्या सोन्यावरच तर होतो, शेकडा अडीच. मशिदीची मोटर जळाली, नवीन हाफिज तरावीहला, रमजानमधल्या रात्रीच्या नमाजला, फार भरभर पढतो, यंदा रोजेदार वाढलेत, सगळ्या बातम्या आमच्या ओट्यावर असतात. त्या बाईला मी हे सांगायला पाहिजे होतं का? तिनं तर आतलं विचारलं होतं.

मशिदींवरच्या भोंग्यांचा वाद झाला २०२२ ला, त्यावर तेव्हा सगळेच बोलत होते, टीव्हीवर रोज तेच. आमच्याकडं त्यानंतर फजरची, पहाटेची अजान आतल्या आतच होते, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा लावायचा नाही असा नियम आहे आणि तो सगळ्यांना सारखा असावा असं मला मनापासून वाटतं, आजारी माणसं असतात, लहान पोरं असतात. पण त्या वादात एक गोष्ट कुणीच बोललं नाही. फजरचा भोंगा बंद झाल्यानं पुरुषांचं फार काही गेलं नाही, त्यांना उठून आत जायचंच असतं, आत गेलं की अजान आहेच. अम्मीच्या घरात पहाटे येणारी मशीद म्हणजे तेवढा आवाजच होता. पहाटेच्या अंधारात "अस्सलातु खैरुम मिनन नौम", झोपेपेक्षा नमाज बरी, असं आलं की ती उठून बसायची, आधी चुळबुळ, मग बांगड्यांचा आवाज, मग मोरीत पाणी. आता भावानं तिच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलंय. त्यातली अजान कुठल्यातरी परदेशातल्या मुअज्जिनची आहे, गळा फार गोड, पण आमचे बांगीसाब थंडीत खोकून सुरू करायचे ते अम्मीला पाहिजे असतं.

दादी गेली त्या दिवसाचंही आठवतं. मशिदीतनं मय्यतीला आंघोळ घालायचा तख्ता आला, पाणी तापवायला मोठं भांडं आलं, न्यायचा जनाजा आला. गुस्ल, ती शेवटची आंघोळ, बायकांनीच दिलं, फुफींनी म्हणजे आत्यांनी, अम्मीनं, आणि गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या, ज्या आयुष्यभर दादीशी भांडल्या होत्या आणि त्या दिवशी तिच्या केसांना कापराचं पाणी इतक्या हळू लावत होत्या. बाहेर माइकवर एलान झालं, अमुक साब की वालिदा का इंतेकाल हो गया है, जनाजे की नमाज जोहर के बाद. अमुक साब म्हणजे अब्बा. ती अब्बाची आई होती यात खोटं काही नाही, आणि बाईचं नाव असं भोंग्यावर घ्यायचं नाही ही रीत अदबीतनं आलीय हेही मला कळतं. तरी त्या घरात उभी राहून ऐकताना पोटात कसंतरी झालं, साठ वर्षं त्या मशिदीसाठी रांधलेल्या बाईला मशीद तिच्या मुलावरून ओळखत होती. पुरुष जनाजा घेऊन गेले. आम्ही गच्चीवर गेलो, तिथनं मशिदीचं अंगण अर्धं दिसतं, सफा, नमाजच्या रांगा, लागलेल्या दिसल्या, "अल्लाहु अकबर"च्या चार तकबीर ऐकू आल्या. फुफी गच्चीच्या कठड्याला धरून उभी होती आणि प्रत्येक तकबीरला तिचे ओठ हलत होते.

नंतर एकदा मात्र आम्ही सगळ्या आत होतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावात आली तेव्हा. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, तेव्हा पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, मारुती चौक वगैरे तर पार बुडालेला. आमची गल्ली जरा चढावर म्हणून वाचली, खालच्या गल्ल्यांतली माणसं जे हाताला लागेल ते घेऊन वर आली. कमिटीनं मशीद उघडून दिली, बायका-पोरं आत आणि पुरुष पडवीत, अंगणात. मी दुधाची पावडर आणि बिस्किटं घेऊन गेले आणि बऱ्याच वर्षांनी तो उंबरा ओलांडला, ओलांडताना काही वाटलंसुद्धा नाही, इतकी घाई होती. वाटलं ते आत गेल्यावर. गालिच्यावर नमाजच्या रांगांच्या रेघा असतात ना, एकेका कुटुंबानं एकेक रांग धरली होती, या रांगेत आजी, सून, तीन पोरं, एक पातेलं, पुढच्या रांगेत दुसरं घर. ओल्या वाकळांचा वास, डेटॉलचा वास, आणि इमाम उभे राहतात त्या कोनाड्याच्या, मेहराबच्या समोर दोन खांबांना साडी बांधून कुणाचं तरी तान्हं झोळीत घातलेलं. घड्याळांची फळी होती तिथंच होती. एक आजी कपाळाला बुक्का लावून भिंतीला टेकून हरिपाठ पुटपुटत होत्या आणि त्यांना लागून बसलेल्या खालाच्या हातात तसबीह, आमची जपमाळ. बाहेर देगमध्ये खिचडी शिजत होती. १२ ऑगस्टला बकरी ईद आली, पाणी तेव्हा कुठं उतरायला लागलं होतं, बऱ्याच घरांनी कुर्बानीसाठी ठेवलेले पैसे पूरग्रस्तांना दिले, ईदची नमाज पुरुषांनी अंगणात दाटीवाटीनं पढली कारण हॉल बायकांनी भरला होता.

पाणी ओसरलं, बाया आपापल्या घरचा चिखल काढायला गेल्या. गालिचे आम्हीच गच्च्यांवर टाकून वाळवले, दोन दोन दिवस उलटे-सुलटे करत. मशीद धुऊन काढली, गालिचे परत गेले आणि सगळं आपोआप पहिल्यासारखं झालं.

आमच्याच जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात गोटखिंडीला मशिदीत गणपती बसतो हे सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी एका वर्षी पावसात मूर्ती भिजायला लागली म्हणून गावातल्या मुसलमानांनीच ती आत आणायला सांगितली आणि १९८० पासून दरवर्षी तिथंच बसवतात. दर गणपतीला ती बातमी फिरते आणि मला दरवेळी बरं वाटतं. पण पुरानंतर ती वाचताना एक विचार चिकटलाय, की जागा करायची ठरवली तर होते. गोटखिंडीनं पाऊस थांबल्यावरही जागा ठेवली. आमच्याकडं पूर गेला तशी जागाही गेली.

२०२० चा रमजान मशिदी बंद असताना आला. अब्बा पहिले दोन दिवस घरात नुसते येरझारा घालत होते, मगरिबची वेळ झाली की टोपी घालून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी हॉलमधला सोफा भिंतीला लावला, चादरी अंथरल्या आणि म्हणाले, सगळेच उभे रहा. पुढं अब्बा, त्यांच्या उजव्या हाताला जरा मागं भाऊ, दोघांच्या मागं अम्मी, मी, भाभी. अब्बा हाफिज नाहीत, म्हणून 'अलम तर'ची तरावीह, कुराणाच्या शेवटच्या पाऱ्यातल्या, भागातल्या, लहान दहा सुरा दोनदा, वीस रकात, म्हणजे नमाजचे वीस फेरे. अब्बांचा आवाज पढताना इतका मोकळा असतो हे मला त्या रमजानमध्ये कळलं. घरी एकटीनं नमाज मी कायम पढत आले, मनापासून पढत आले. पण "आमीन" म्हटल्यावर पुढनं-मागनं चार आवाज एकदम येतात, आणि सजद्यातनं उठताना शेजारच्या माणसाचा खांदा आपल्या खांद्याला लागतो, ते वेगळंच आहे. अम्मी एरवी आठ रकातींवर दमायची, त्या महिनाभर वीसच्या वीस उभी राहिली. पुढच्या काळात मशिदी उघडल्या, अब्बा आणि भाऊ गेले, आणि सोफा परत मधी आला.

अम्मी-अब्बा मक्का-मदिनेला उमरा करून आले तेव्हा मी हा विषय काढला. अम्मी मक्केच्या हरममध्ये पाची वेळा जमातीबरोबर उभी होती, मदिनेला मस्जिद-ए-नबवीत बायकांच्या भागात तासन् तास बसायची, व्हिडिओ कॉलवर सांगताना तिचा आवाज भरून यायचा. मी म्हटलं, तिथं चालतं आणि इथं गल्लीच्या मशिदीत का नाही? अम्मी म्हणाली, "अगे, औरत को घर में पढे तो जादा सवाब है. कैकू झगडा करती?" घरात पढण्याचं सवाब, पुण्य जास्त, हे ती म्हणते ते हदीसमध्ये, पैगंबरांच्या वचनांत आहे, मला माहीत आहे. पण अल्लाहच्या बंदींना अल्लाहच्या मशिदींपासून अडवू नका, हेही हदीसमध्येच आहे, बुखारीच्या संग्रहात आहे. पुण्याच्या एका जोडप्यानं २०१९ ला या मुद्द्यावर सुप्रीम कोर्टात याचिका टाकली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं कोर्टात लिहून दिलं की बाईला मशिदीत येऊन नमाज पढायची मोकळीक आहे, जमातीत येणं तिच्यावर बंधनकारक नाही एवढंच. नवीन मशिदी बांधताना बायकांच्या जागेचा विचार करा असंही त्यांनी समाजाला सांगितलं. अहले हदीस पंथाच्या, जमाते इस्लामी संघटनेच्या बऱ्याच मशिदींत बायकांसाठी भाग असतो. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात तर बाया लेकरं-डबे घेऊन आवारात बसलेल्या असतात, कुणी हटकत नाही.

मला भांडायचं नाहीये. अम्मी भाकरी देणारी आणि मी अर्ज करणारी असंही नाही, तिचं त्या मशिदीवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम आहे. आणि मला स्वतःला रोज जाऊन पढायचंय का, तर खरं सांगायचं तर नाही, जमणारही नाही. मला ते दार लागतं कशासाठी तर सिव्हिलला पेशंट घेऊन खेड्यातनं आलेल्या बाईसाठी, जिची दुपारची जोहर आणि असर दोन्ही एसटी स्टँड आणि ओपीडीच्या मधी जातात आणि जिला वुजू करायला, दोन मिनिटं पाठ टेकायला या अख्ख्या शहरात जागा सापडत नाही. तिचा नवरा कुठल्याही मशिदीत शिरतो, पढतो, पंख्याखाली आडवा होतो. ती बाहेर रिक्षात पिशव्या सांभाळत बसते. मी बघितलंय, आमच्याच मशिदीच्या समोर, कितीतरी वेळा. अशीच एक बाई एकदा अम्मीनं घरात बोलावली, नमाजचा मुसल्ला दिला, चहा दिला. अम्मी तेव्हापासून थोडी बदलली असं मला वाटतं, ती कबूल करणार नाही.

आता मशिदीवर वरचा मजला चढतोय. गाळ्यांचं भाडं थकलंय म्हणून काम रखडत चाललंय, पण कॉलम उभे राहिलेत. गल्लीतल्या आम्ही काही जणींनी ठरवलंय की कमिटीला लेखी द्यायचं, वरच्या मजल्याचा एक भाग, वेगळा जिना, एक संडास-बाथरूम. ट्रस्टी चाचांच्या कानावर घातलंय, ते हसले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत, लिहून द्या म्हणाले, मीटिंगमध्ये ठेवतो. एक-दोन घरांतनं नाराजी आहे, सासूबाईंनी सही करू नको म्हणून सांगितलेल्या दोघी आहेत, त्यांना मी परत विचारणार नाही. अर्ज मी मराठीत लिहिला, हदीस घातली, बोर्डाचं प्रतिज्ञापत्र घातलं, आणि काल रात्री अम्मीला वाचून दाखवला. तिनं चष्मा लावून कागद स्वतःच्या हातात घेतला, बराच वेळ बघितला. म्हणाली, हे सगळं ठीक आहे, पण नळाचं कुठं आहे? वर टाकीतनं वेगळी लाइन घ्यायला सांग, नाहीतर खालच्या नळावर पुरुषांत कोण जाणार वुजूला. मी लिहिलं. "और लिख," ती म्हणाली, "नल के सामने बैठने को ओटा. घुटने दुखते सबके."